रक्तातलं शिसं: चाळणी कुठे लावायची?

 

आजचा विषय आमच्याच बैठकीतून निघाला. आमच्या गटातली एक ताई बाजारातून एक बाटली घेऊन आली. विकणारा तिला म्हणाला होता, "पंधरा दिवस पाजा, पोराच्या रक्तातलं सगळं विष लघवीवाटे निघून जाईल." बाटलीवर औषध कशाचं आहे ते लिहिलेलं नव्हतं, कुणी बनवलं तेही नव्हतं. ताईचा मुलगा सहा वर्षांचा. तिच्या घरामागे तिचा दीर दोन वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा. या शिशानं पोरं आजारी पडतात, हे तिच्या कानावर आलं आणि तिची झोप उडाली. तिनं आम्हाला विचारलं, "मूत्रपिंड बिघडलं तर यंत्रातून रक्त साफ करतात ना? मग माझ्या पोराचं रक्त तसं साफ करता येणार नाही का?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं, समजून घेतलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शिसं म्हणजे काय ते बघू. पेन्सिलीच्या टोकालाही आपण शिसंच म्हणतो, पण ते खरं शिसं नव्हे. तो एक प्रकारचा कोळसा, ग्राफाइट. त्याची भीती नाही. खरं शिसं म्हणजे बॅटरीतल्या जड पट्ट्यांचा धातू. तो मऊ असतो, लवकर वितळतो आणि स्वस्त मिळतो, म्हणून शेकडो ठिकाणी वापरला गेला. शरीराला मात्र त्याचा कणभरही उपयोग नाही.

मग शरीर त्याला आत का घेतं? कारण शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं. आतड्याला वाटतं, चांगला माल आला. पोट रिकामं असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आतडं आणखी अधाशीपणानं ते ओढून घेतं. आपल्या पोरीबाळींमध्ये रक्त कमी असणाऱ्या किती आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतं, आणि त्यांचा मेंदू अजून घडत असतो. तिथेच ते घाव घालतं. मूल चिडचिडं होतं, पोट दुखतं, शौचाला खडा होतो, चेहरा फिका पडतो, शाळेत लक्ष लागत नाही. कित्येकदा तर बाहेरून काहीच दिसत नाही. फार झालं तर फिट येते, जीवही जातो.

रक्तातलं शिसं मोजायचं माप फार बारीक आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. शंभर मिलिलीटर रक्तात, म्हणजे साधारण एक कप चहाएवढ्या रक्तात, असे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं, तर ते कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच्या खाली सगळं सुरक्षित, असंही नाही. युनिसेफनं २०२० साली एक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात एवढं शिसं आहे, आणि एकट्या भारतात अशी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं आहेत.

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. हे शिसं बाहेर काढता येतं का?

काही प्रमाणात येतं, आणि त्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. तेव्हा आर्सेनिकपासून बनवलेल्या एका विषारी वायूची भीती होती. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांचे सहकारी त्यावर उतारा शोधत होते. त्यांच्या लक्षात आलं की या विषाची गंधकाशी फार ओढ असते. मग त्यांनी दोन गंधकाचे हात असलेलं औषध तयार केलं. ते विषाला दोन्ही हातांनी धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. शिसं आणि पारा यांनाही गंधकाची अशीच ओढ. त्याच घराण्यातलं पुढचं औषध म्हणजे सक्सिमर. ते तोंडानं घेता येतं, म्हणून लहान मुलांना द्यायला सोयीचं. रक्तातलं शिसं ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या वर गेलं, की डॉक्टर लहान मुलांना अशी औषधं देतात.

पण हे औषध म्हणजे खेळ नव्हे. शिसं धरणारं आणखी एक औषध आहे, ईडीटीए नावाचं. त्याचे दोन प्रकार. एकात कॅल्शियम आधीच घातलेलं असतं, ते शिशाच्या उपचाराला वापरतात. दुसऱ्यात नसतं, म्हणून ते शरीरातलं कॅल्शियमच ओढून घेतं. २००५ साली अमेरिकेत पहिल्याऐवजी दुसरं दिलं गेलं आणि दोन लहान मुलं दगावली. रक्तातलं कॅल्शियम घसरलं आणि हृदय थांबलं. विष धरणारा हात चांगलंही धरू शकतो, हे यातून लक्षात ठेवायचं.

आता यंत्राचं बघू. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये बनवलं. युद्धाचे दिवस, सामान मिळेना. त्यांनी मांस भरायला वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या घेतल्या, त्यातून रक्त फिरवलं आणि बाहेर खारं पाणी ठेवलं. नळीच्या बारीक छिद्रांतून रक्तातली घाण पाण्यात उतरली, रक्तपेशी आत राहिल्या. आजच्या डायलिसिसच्या नळकांड्यात केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या असतात, पण तत्त्व तेच. ती चाळणी आहे. बारीक ते खाली, जाडं ते वर.

शिशासाठी ही चाळणी पुरत नाही. रक्तात जेवढं शिसं असतं, त्यातले शंभरातले नव्याण्णव भाग लाल पेशींच्या आत शिरून बसलेले असतात. लाल पेशी चाळणीतून खाली पडत नाही, पडू द्यायचीही नाही. मग शिसंही वरच राहतं.

म्हणून शास्त्रज्ञ वेगळा पडदा बनवायच्या मागे लागले. तो समजायला आपल्या गिरणीत जाऊ. गिरणीत ज्वारी चाळतात तेव्हा खडे आणि काडीकचरा निघतो. पण खिळा, तारेचा तुकडा दाण्याएवढाच असेल तर तो चाळणीतून निसटतो. त्यासाठी कितीतरी गिरण्यांत लोहचुंबक लावलेला असतो. चाळणी आकार बघते, चुंबक जात बघतो. हा नवा पडदा म्हणजे प्रत्येक छिद्राच्या भिंतीला जणू चुंबक लावलेली चाळणी. इंग्रजीत त्याला अफिनिटी मेम्ब्रेन म्हणतात. आपण ओढीचा पडदा म्हणू.

पडदा असतो पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा, पण रक्ताला न बोचणारा. त्यासाठी वापरलेला एक पदार्थ म्हणजे डोळ्यात घालायच्या मऊ लेन्सचा. तो पाणी पिऊन फुगतो आणि शरीराला परका वाटत नाही. या पदार्थावर शिसं, कॅडमियम धरणारे रेणू पक्के बसवतात. त्यातला एक रेणू म्हणजे सिस्टीन. त्यात गंधक असतं. आपल्या केसांत आणि नखांतही तो भरपूर असतो. तुर्कस्तानात अंकारा शहरातल्या हाजेतेपे विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पडद्यांवर आणि मण्यांवर बरंच काम केलं आहे. माणसाच्या रक्तातला पेशी वगळून उरलेला पातळ भाग घेऊन त्यातून कॅडमियम काढता येतं, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं.

त्यांची एक युक्ती आपल्याला लगेच कळेल. करंजीचा साचा असतो ना? त्यात करंजीच बसते, लाडू बसत नाही. तसं पॉलिमर घट्ट होत असतानाच त्यात कॅडमियम घालायचं. मग ते धुऊन काढायचं. मागे त्याच मापाची खोबण उरते. पुढे कॅल्शियम, जस्त आलं तरी ते तिथे नीट बसत नाही, कॅडमियम मात्र अडकतं. मघाशी चांगलंही धरणाऱ्या हाताचा धोका सांगितला, त्यावर ही तोड. शिवाय इथे धरणारा रेणू भिंतीला पक्का असतो. तो औषधासारखा अंगभर फिरत नाही.

मग हे यंत्र दवाखान्यात का नाही? अडचणी अजून बाकी आहेत. परक्या पृष्ठभागाला लागलं की रक्त गोठायला बघतं. पेशींच्या आतलं शिसं पडद्यापर्यंत पोचत नाही, ते हळूहळू बाहेर यायची वाट बघावी लागते. आणि शरीराला लागणारं लोह, जस्त, कॅल्शियम वाहून जाता कामा नये. म्हणून हे काम अजून प्रयोगशाळेतलं आहे. कुणी बाजारात रक्तातलं शिसं काढायचं यंत्र दाखवत असेल, किंवा पाय मिठाच्या पाण्यात ठेवून पाणी तपकिरी झालं, विष निघालं असं म्हणत असेल, तर पैसे घट्ट धरून ठेवा. ते पाणी यंत्रातली पट्टी गंजल्यानं तपकिरी होतं. पाय नसले तरी होतं.

उद्या हा पडदा दवाखान्यात आला, तरी एक गोष्ट बदलणार नाही. रक्त हा शिशाचा रस्ता आहे, मुक्काम नव्हे. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण त्यातलं कितीतरी हाडांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या अंगातल्या शंभर भाग शिशापैकी नव्वदाहून जास्त भाग हाडांत असतात. हाडं म्हणजे त्याची कणगी. तिथे ते वीस-वीस वर्षं राहतं. रक्त साफ केलं की कणगीतलं थोडं पुन्हा रस्त्यावर येतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, आणि त्याच्याबरोबर लहानपणी साठलेलं शिसंही निघून वारेतून बाळापर्यंत जातं. आज आपल्या लेकीच्या अंगात गेलेलं शिसं उद्या नातवंडाच्या वाट्याला येऊ शकतं. आणि मेंदूचं झालेलं नुकसान ना औषधानं भरून निघतं, ना पडद्यानं.

म्हणून पहिली चाळणी लावायची ती दाराला. याचं सगळ्यात कडू उदाहरण आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातलं आहे. तिथे झम्फारा राज्यात लोक छोट्या खाणींतून सोन्याचा दगड काढायचे. त्या दगडात शिसं खच्चून भरलेलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. दगड घरी आणायचे, धान्य दळायच्या गिरणीसारख्या यंत्रात दळायचे. हे काम बरेचदा घराच्या आवारात बायकाच करायच्या. धूळ अंगणात, अन्नात, पोरांच्या हातातोंडात. २०१० साली दारेता आणि यारगालमा या दोन गावांत तपासणी झाली. आधीच्या वर्षभरात पाच वर्षांखालच्या ४६३ मुलांपैकी ११८ मुलं मेली होती. उरलेल्यांपैकी २०४ मुलांचं रक्त तपासलं. १९८ मुलांच्या रक्तात ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं.

तिथे डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं सक्सिमरचे उपचार दिले. एका वर्षात ११५६ लहान मुलांना मिळून औषधाच्या ३१८० फेऱ्या द्याव्या लागल्या. एकदा देऊन भागलं नाही, कारण कणगी भरलेली होती. आणि त्या डॉक्टरांचा आग्रह होता, आधी अंगण साफ करा, मगच मुलाला औषध. घराघरातला मातीचा वरचा थर खरवडून काढला, नवी माती टाकली. साफ न केलेल्या अंगणात मूल परत गेलं तर औषध वाया जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बागेगा नावाच्या गावाची सफाई रखडली, ती २०१३ साली झाली. तोवर तिथली मुलं वाट बघत राहिली.

दुसरं उदाहरण जवळचं आणि आशेचं आहे. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिशाचा पिवळा रंग चोळायचे. गरोदर बायांच्या रक्तातलं शिसं आणि हळदीतलं शिसं एकाच जातीचं आहे, हे संशोधकांनी ताडून दाखवलं. मग सरकारनं बाजारात तपासणी केली, दंड केले, लोकांना सांगितलं. २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या शंभर नमुन्यांमागे ४७ नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडलं नाही. कुणाच्याही रक्ताला सुई न लावता लाखो लोकांच्या अंगात जाणारं शिसं अडलं.

आता आपल्या घरात बघू.

जुनी बॅटरी घरी फोडू नका, वितळवू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती विक्रेत्यामार्फत नोंदणी असलेल्या कारखान्यात जायला हवी. जिथे आधी हे काम झालं, तिथे पोरांना खेळू देऊ नका, कोरडा झाडू मारू नका, भाजी लावू नका. माती स्वतः खणून शेतात किंवा ओढ्यात टाकू नका. वर मुरूम किंवा फरशी टाकून जागा झाका आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. असं काम करणाऱ्यानं कपडे आणि चपला बाहेर काढून, आंघोळ करूनच मुलाला उचलावं. ते कपडे वेगळे धुवावेत.

अस्सल जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचीच लाल भुकटी. देवाला लावला तर हात साबणानं धुवा, तोच हात प्रसादाला किंवा बाळाला लावू नका. मुलांच्या डोळ्यात सुरमा घालू नका. कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या, स्वस्तात करणारा शिसं मिसळत नाही ना ते विचारा. चिंच, लोणचं, ताक अशा आंबट वस्तू धातूच्या शंकास्पद भांड्यात ठेवू नका. हळद अख्खी, थोडी मळकट दिसणारी घ्या आणि ओळखीच्या गिरणीत दळा. हळकुंड पाण्यात टाकल्याबरोबर भडक रंग सुटला तर ते वापरू नका. घराला रंग देताना जुना रंग कोरडा खरवडू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आहे, पण भिंतीवरचे जुने थर तसेच असतात.

आणि ती बाटली? रक्त साफ करतो म्हणणाऱ्या औषधातच शिसं असू शकतं. नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म, हे कितीजणींना माहीत आहे? २०११-१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायांना शिशाची विषबाधा झाली. त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. त्यातलं नाव-गाव नसलेलं औषध गरोदरपणात आणि लहान मुलांना तर मुळीच नको.

मुलांना रिकाम्या पोटी ठेवू नका. नाचणी, दूध, तीळ, पालेभाजी, डाळ द्या, वर लिंबू पिळा. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवू नका, घ्या. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की आतडं शिशाला एवढं दार उघडत नाही. आणि शंका असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. ही तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत येत नाही. डॉक्टरांना तसं नाव घेऊन सांगावं लागतं, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

आमच्या ताईनं तेच केलं. गटानं तिला तपासणीसाठी उसने पैसे दिले. पोराचा आकडा आला १९. औषध द्यायच्या पातळीच्या खाली, पण गप्प बसण्याच्या बराच वर. डॉक्टर म्हणाले, औषध नको, बॅटऱ्या बंद करा. घरात त्यावरून भांडण झालं, कारण घराचा निम्मा खर्च त्या कामावर चालायचा. दीर ऐकेना. शेवटी ताईच्या सासूबाईंनीच त्याला तपासणीला पाठवलं. त्याचा आकडा पोराच्या दुप्पट आला. त्या दिवसापासून भट्टी बंद आहे. आता तो ट्रॅक्टरवर जातो, पैसे कमी मिळतात आणि कुरकुर अजून चालू आहे. आवारात मुरूम पडला आहे. पोराची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. आकडा किती खाली येतो, ते आम्हीही बघतोय.

ती बाटली मात्र ताईनं उघडलीच नाही. औषध निरीक्षकांना दाखवायला म्हणून आम्ही ती गटाच्या कपाटात ठेवली आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुठे बॅटऱ्या फुटत असतील, कुठे धूर येत असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा. एकटीनं बोललं की घरात भांडण होतं, गटानं बोललं की ऐकावं लागतं. येतो आम्ही. नमस्कार.